हंडा, हक्क आणि मानीवहिनींची काठी

चि. निकिता हिला मामाचे पोटभर आशीर्वाद.

वकीलबाई, यवतमाळच्या कोर्टातल्या बाकांनी तुझी कंबर धरली होती, ती सुटली का? इकडे नेरला आम्ही सगळे मजेत. (माझा उजवा कोपर सोडून. म्हणून हे अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे.)

आधी तुझे आभार मानतो. गावात येऊन तू स्वसंरक्षणाचा कायदा समजावलास, तेव्हापासून मला मोठा धीर आला. जीव, घर, शेत वाचवायला हात उचलता येतो, पण गरजेपुरताच. चोर पळाला की मागे धावून सूड उगवायचा नाही, हे मी पारावर इतक्यांदा सांगितलं की लोक मला पाहून रस्ता बदलतात. रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडायचा बेतही तुझ्यामुळेच मोडला. दुसऱ्याच दिवशी शेजारचा पंजाबराव त्याच तारांखालून (आमच्या तुरीच्या शेंगा तोडायला) सरपटत आत आला. तो आज जिवंत आहे, ही तुझीच पुण्याई.

तर होळीला देवसिंगने नातवाच्या धुंडीला त्यांच्या बंजारा तांड्यावर बोलावलं. देवसिंग म्हणजे माझा शेतशेजारी. आमची पाण्याची पाळी, बैल, भांडणं, सगळं सामाईक. बाळाच्या पहिल्या होळीच्या या कार्यात गोडधोडाचा हंडा बाया काठ्या घेऊन राखतात आणि पुरुषांनी तो पळवायचा असतो. मी पाहुणा, गप बसायचं. पण देवसिंगची बायको, मानीवहिनी, काठी सरसावून उभ्या दिसल्या आणि मला तुझं भाषण आठवलं. जवळ जाऊन मी त्यांना गरजेपुरतं बळ म्हणजे किती ते सविस्तर समजावलं. त्या मान डोलवत होत्या. बोलता बोलता मी हंडा उचलला आणि पळालो.

पाठीत पहिला फटका बसला तसा मी ओरडलो, "वहिनी, मी पळून राह्यलो! तुमचा हक्क संपला!"

"हंडा तं तुमच्याच हातात हाये नं, भाऊजी!" म्हणाल्या, आणि दुसरा कोपरावर बसला. (माल चोराच्या हातात आहे तोवर मालकाचा हक्क चालूच असतो, हे तू सांगत होतीस तेव्हा मी चहात साखर मागायला उठलो होतो. तुझ्या मामीने कोपर शेकताना सांगितलं.) मग वहिनींनीच हळद लावली, आणि माझा हात उचलेना म्हणून स्वतःच्या हाताने घास भरवले. अशी माणसं लाभली, आणखी काय हवं गं माणसाला?

तुझा मामा,
पुंडलिक

ता. क. खरं काम राहूनच गेलं. माझा कोपर बघून आमच्या पोराने, कपिलने, मला न विचारता, ठाण्यात मानीवहिनींविरुद्ध अर्ज दिला. सोमवारी सगळ्यांना बोलावलंय. "चोर मीच होतो" असं मी लेखी द्यायला तयार आहे, पण जमादार म्हणतात, मग तुम्हालाच बसवून ठेवावं लागेल. तू येच.

आणखी एक. देवसिंग रागावला असता तर बरं झालं असतं. काल बांधावर एवढंच म्हणाला, "आमच्यात होळीले दिरालेच मारतेत, पुंडलिकराव. परक्या मानसाले कोनी हात लावत नाही. मानी म्हनते, पुढल्या साली तुमाले बाजूले खुर्ची टाकून देऊ."

निकिता, मला ती खुर्ची नको आहे गं.