झिऱ्याचं पाणी

बोथ,
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय वैभवदादा,

तुला आणि हर्षाली वहिनीला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? पोळ्याला माझं येणं होईलसं वाटत नाही. माझ्या वाटच्या पुरणपोळ्या तूच खा, तसाही खातोसच.

फोनवर तू मधेच "बरं, ठेव आता" म्हणतोस, म्हणून विठाबाई आत्याच्या हाती हे पत्र पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच.

माझ्या पाणी तपासायच्या नोकरीला तू "बाटल्या हलवायचा पगार" म्हणतोस. या खेपेची बाटली तुझ्या शेताखालच्या कोलाम वस्तीतली आहे. तिथल्या हातपंपाला गंजाचं पाणी येतं, म्हणून बाया नाल्याकाठच्या रेतीत झिरा उकरून पाणी भरतात. झिऱ्याशी वाकले आणि वास ओळखीचा आला. माझं चुकलेलं असू दे म्हणून देवाला हात जोडले. परवा हैदराबादहून निकाल आला. कपाशीवर मारायचं औषध आहे त्यात. वस्तीतली लेकरं उलट्यांनी हैराण आहेत.

तुझ्या कपाशीत निंदायला येणाऱ्या लक्ष्मीबाईला विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, "फवारनं झालं का तुमचे दादा पंप नाल्यातच धुतेत. आमी काई बोललो नाई. कामाले बलावतेत नं आमाले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि राग आला, तो अजून गेलेला नाही. बांधावर स्वतःची विहीर असताना दोन बादल्या शेंदायचा तुला एवढा कंटाळा?

आमचे साहेब म्हणाले, "कारण माहीत नाही असं लिहा, घरचा मामला आहे." दादा, मी तुझं नाव लिहिलं. मंगळवारी माणसं चौकशीला येतील.

त्याआधी तू जा. ट्रॅक्टरवर पाणी घेऊन जा. फवारणीची टाकी नको, नवी घे. काय केलंस ते स्वतःच्या तोंडानं सांग. ते पाणी पिऊ नका असं मी बजावलं, तर बाया म्हणाल्या, "मंग काय प्यावं?" अजून तेच पितात.

तू गेलास की लक्ष्मीबाई आधी तांब्याभर पाणी पुढे करील. दारी आलेल्याला त्या बाया तसंच सोडत नाहीत. निकाल यायच्या आधी माझ्याही पुढे केलं होतं. वास येत होता, तरी मला नको म्हणता आलं नाही.

रागावलास तरी तुझीच,
सुनयना