ताईची लेक

॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
२२ ऑगस्ट १९७०

तीर्थरूप दादांस,
सौ. मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. ऊस डोक्यावर गेलाय. सासूबाईंचा गुडघा ठणकतो, पण आवाज खणखणीत आहे. बातमी अशी की तुमची बहीण गाईडची ताई झाली! आपल्या कांताच्या शाळेत मुलींचं गाईड पथक निघालंय. बाई एकट्या, पोरी वीस-बावीस, आणि दिवाळीनंतर भंडारदऱ्याला मुक्कामाचं शिबिर. घरचं कुणी बाईमाणूस सोबत असेल तरच पोरी पाठवू, असं सगळ्या आया म्हणाल्या, आणि पुढे मात्र एकीचंही पाऊल पडेना. शेवटी मीच उठले. आता निळी साडी, गळ्यात रुमाल आणि शिट्टी. सासूबाई म्हणाल्या, शिट्टी मारून चहा मागू नकोस म्हणजे झालं.

काळजी एकच. वाढपी घरचा असला की शेवटच्या पानावरही लाडू पडतो, असं कुणी कांताबद्दल म्हणता कामा नये.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढला तर आमची ना नाही.
तुमची,
मुक्ता

जामखेड,
५ सप्टेंबर १९७०

चि. सौ. मुक्ता हिस,
सूर्यभानचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. हसून हसून तिची भाकरी करपली. लहानपणी शिट्टी मारलीस म्हणून आत्याने तुला झोडपलं होतं, आठवतं ना? आता शाळाच शिट्टी देते म्हणजे जग सुधारलं म्हणायचं! इकडे पाऊस बेताचाच, पण बाजरी तग धरून आहे. कांताची मजा आहे बुवा, रानात आई सोबतीला.

मोठ्यांस नमस्कार, कांतास पापा. आमच्यावर माया ठेव.
सूर्यभान

देवळाली प्रवरा,
२६ नोव्हेंबर १९७०

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

शिबिर झकास झालं. धरणाचा गारठा असा की दात वाजायचे. पण पोरींनी तंबू ठोकले, चुली मांडल्या, भाकऱ्या थापल्या. सगळ्या मला ताई म्हणतात. कांतालाही ताईच म्हणायला लावलं. तीन दिवस भांडी तिच्याकडेच दिली. शेवटच्या रात्री शिरा केला, तो तिला सगळ्यांच्या शेवटी वाढायला गेले तर पातेलंच रिकामं! शेजारी बसलेली छबू आपल्यातला अर्धा द्यायला लागली, तिच्यावरही मी डोळे वटारले. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. बाईंनी सुद्धा वाखाणलं.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असावा.
मुक्ता

देवळाली प्रवरा,
१ डिसेंबर १९७०

ती. मामांस,
कांताचा साष्टांग नमस्कार.

शिबिर छान झालं असं आईने लिहिलं असेल. भांडी कशी झाली ते मला विचारा. चूल पेटवायच्या शर्यतीत माझी चूल पहिली पेटली, तरी बक्षिसाची लाल फीत आईने दुसरीला दिली. छबूची आई आली नव्हती, तर तिला ताई मिळाली. माझी आई आली होती, पण मला आईही मिळाली नाही आणि ताईही. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे आमचं संचलन आहे. त्याच्या आधीच मी पथकातून नाव काढणार. आईला सांगू नका.

मामींना नमस्कार. रागावू नये.
तुमची भाची,
कांता

जामखेड,
१० डिसेंबर १९७०

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

कांताने सांगू नका म्हणून लिहिलंय, म्हणूनच सांगतो. पोर पथक सोडायला निघालीय. गावाच्या तोंडाला भिऊन तू तिलाच उपाशी ठेवलंस. हा न्याय नाही, मुक्ते. वीस पोरींची ताई हो, पण एकविसावीला वाऱ्यावर सोडू नकोस. राग आला तर माझ्यावर काढ.

तुझ्या भल्याचंच चिंतणारा,
सूर्यभान

देवळाली प्रवरा,
१८ जानेवारी १९७१

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुमच्यावर धुमसत होते. मग तुमचं खरं वाटलं आणि रडू आलं. कांताला म्हटलं, झेंडा तू धर. ती फटकन म्हणाली, मामांनी लिहिलं म्हणून देतेस होय? मला नको. शनिवारच्या कवायतीनंतर नाव काढायचं, हेही तिनं बजावलं.

शनिवारी बाईंनी संचलनात झेंडा धरून पुढे चालणारी नायिका निवडायला सांगितली. ती मुलींनीच निवडायची असते. सगळे हात कांतासाठी वर झाले. आणि दादा, खोड बघा, मी पुन्हा बोलून गेले, दुसरी कुणी निवडा गं. तशी एवढीशी छबू उभी राहून म्हणाली, ताई, ती तुमची घरी गेल्यावर. हितं ती आमची हाय. लई भांडी घासलीत तिनं आमच्यासंगं.

बाई हसल्या, मी मान खाली घातली. कांता रांगेतून पुढे आली आणि ताठ उभी राहून मला सॅल्यूट केला. मी उलट सॅल्यूट करायचा, तर माझा हात कपाळाकडे जायच्या ऐवजी तिच्या डोक्यावर गेला. सगळ्या पोरी खिदळल्या. कांताने हात तसाच राहू दिला.

वहिनींस नमस्कार. अशीच कानउघाडणी करीत जावी.
तुमची,
मुक्ता