अर्ध्या कपाटाची पूर्ण वाटणी

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्म्यांचा, राहणार याच इमारतीच्या तळमजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि नवा चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने आणून पाहिले, पण ज्याला जिन्यातली सायकल हलवता येत नाही त्याच्या दडपणाला काय भीक घालायची.

माझ्या वकील भाचीने आधी एक मजकूर करून दिला होता. त्यात ‘सदरहू’ इतक्या वेळा आले होते की ही सदरहू बाई कोण, हे मलाच कळेना. तिच्याकडून फक्त कलमे घेतली आहेत. बाकी शब्द माझे.

कलम पहिले. मला एक धाकटा भाऊ आहे. तो याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होता आणि निवृत्त झाल्यापासून ‘न्याय म्हणजे काय’ या विषयावर जाड पुस्तक लिहितो आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. त्याचे गुडघे गेले आहेत आणि लिफ्ट बंद आहे. माझ्यामागे हे तळमजल्याचे घर त्याला मिळावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मी बिनलग्नाची, म्हणजे कायद्याने घर त्यालाच जाणार, असे भाची म्हणते. पण कायद्याने मिळणे वेगळे आणि मी देणे वेगळे. यातला फरक त्याला कळावा अशी माझी फार इच्छा आहे.

कलम दुसरे, कपाटाविषयी. आमचे वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे एक मोठे दोन दारांचे सागवानी कपाट आणि दोन हट्टी मुले ठेवून गेले. मी म्हटले, हे कपाट जन्मभर मी पुसले आहे, ज्याचे कष्ट त्याची वस्तू. भाऊ म्हणाला, माझी पुस्तके जमिनीवर पडली आहेत, ज्याची गरज त्याची वस्तू. मग त्याने या दोन्ही मतांचा जन्म कुठे झाला ते सांगितले, आणि चहा गार झाला. कुणी न बोलावता सोसायटीनेही बैठक घेतली आणि सर्वांच्या भल्यासाठी कपाट विकून लिफ्ट दुरुस्त करावी असा ठराव केला. भावाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिले आहे की न्यायाचा विचार तीन ठिकाणी होतो : तत्त्वज्ञानात, कायद्यात आणि समाजात. आमच्या जिन्यात तिन्ही हजर होते. दुसरे पान अजून व्हायचे आहे.

शेवटी कोर्टात गेलो. पहिले न्यायाधीश बदलून गेले, दुसरे निवृत्त झाले, तिसऱ्यांनी कंटाळून निकाल दिला : समसमान वाटणी. भाऊ शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन आला.

सुताराने दोन दारांच्या मधोमध करवत टेकवली आणि विचारले, “लावू का?” मी भावाकडे पाहिले. माझी खात्री होती की तो म्हणेल, राहू दे, ताईला देऊन टाक. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचीही खात्री होती की मी म्हणेन, राहू दे, घेऊन जा तू. हे मला भाचीकडून फार उशिरा समजले. सुताराने पुन्हा विचारले. आम्ही दोघे खात्री बाळगून गप्प उभे राहिलो, आणि कपाट कापले गेले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे.

आरशाचे दार माझ्याकडे आले, कुलपाचे त्याच्याकडे गेले. माझे अर्धे भिंतीला टेकवून उभे केले आहे, तरी उघड्या बाजूने कपडे बाहेर येतात. ते अर्धे मी भावाला देत आहे, पण दोन्ही अर्धी जोडायचा उद्योग करू नये. सुतार सांगतो की ती आता जुळायची नाहीत, करवतीच्या जाडीएवढे लाकूड भुशात गेले. तो भुसा कुणाच्या वाट्याचा, हे निकालात लिहिलेले नाही. झाडला मी.

कलम तिसरे, धंद्याच्या हत्यारांविषयी. भिंगांची पेटी आणि नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता भाचीला. तक्ता तिने ऑफिसात लावावा, आणि ज्या अशिलाला शेवटची ओळ वाचता येत नाही त्याला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नये. तिच्या टेबलावर डोळ्यांना पट्टी बांधलेली न्यायदेवता आहे. माझ्या धंद्याच्या हिशेबाने हे साफ चूक आहे. जी बाई हातात तराजू घेऊन उभी आहे तिला काटा दिसायला नको का? पट्टी सोडून आधी नंबर काढावा. भाची म्हणाली, “आत्या, समोर कोण उभं आहे ते दिसू नये म्हणून असते ती पट्टी.” असेल. मला तर कपाट कापताना समोर कोण उभे आहे ते अगदी स्पष्ट दिसत होते. माझा भाऊ होता. मला फार वाईट वाटले, आणि मी तोंड उघडले नाही.

कलम चौथे. बँकेत जे असेल त्यातून लिफ्ट दुरुस्त करावी. अट अशी की पहिली खेप सेक्रेटरीने एकट्याने करावी. याच गृहस्थाने ‘नियम सर्वांना सारखे’ अशी पाटी लावली आणि पाटीखाली स्वतःची गाडी लावली, ती थेट माझ्या दुकानाच्या दारात. त्याला मी एक वाचायचा चष्मा ठेवत आहे. पाटी रोज वाचावी.

कलम पाचवे. हे तळमजल्याचे घर भावाला. मला त्याचा स्वभाव ठाऊक आहे, आपण या घराला पात्र आहोत का याची तो आधी चिकित्सा करेल. पात्र नाही. तरी घ्यावे. मी कष्ट बघून देत नाही आणि गरज बघूनही देत नाही, मला द्यायचे आहे म्हणून देते. याला त्याच्या पुस्तकात काय म्हणतात ते त्याने शोधत बसावे, पण बसावे खाली, जिना न चढता.

कलम सहावे, साक्षीदारांविषयी. साक्षीदार दोन लागतात, आणि भाची सांगते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे रद्द होते. सेक्रेटरीला हे सांगितल्यावर त्याने चष्म्यावर हसत हसत पाणी सोडले. दुसरा साक्षीदार सुतार ठरला होता. त्याचा आत्ताच निरोप आला की त्याला यायला जमणार नाही. आमच्या घरात पुन्हा पाऊल टाकायची त्याची हिंमत होत नसावी.

पुरवणी. वरील मजकूर लिहून मी हताश बसले असताना जिन्यात काठीचा आवाज झाला. भाचीने वर जाऊन सगळे सांगितले होते. वकिलाने अशिलाची गोष्ट पोटात ठेवायची असते, पण ती त्याची मुलगीही आहे. भाऊ एकेक पायरी उतरत आला, खुर्ची ओढून बसला आणि सहीसाठी पेन मागितले. मी म्हटले, अरे, तू सही केलीस तर घर जाईल तुझे. तो म्हणाला ठाऊक आहे, म्हणूनच करतोय. त्यावर भाचीने कपाळाला हात लावून सांगितले की मृत्युपत्रातून बाद झाला तरी वारस म्हणून घर फिरून त्याच्याच गळ्यात पडणार. एवढे जिने उतरून त्याने केलेल्या त्यागाचे कायद्याने असे वाटोळे केले. 

मग म्हणाला, “ताई, मला खाली यायला तू मरायची काय गरज होती? नुसती हाक मारायचीस.”

मी म्हटले, “तू का नाही मारलीस?”

“धाकट्याने आधी मारावी की थोरल्याने, ते ठरत नव्हतं,” तो म्हणाला.

माझेही तेच होते. इतकी वर्षे आम्ही दोघे आपापल्या मजल्यावर न्यायाला धरून होतो.

तो समोर बसला आहे, पेन उघडून, आणि मी किती लांबवते आहे म्हणून कुरकुरतो आहे. मागची खोली रिकामीच आहे. त्याचे अंथरूण आज भाची खाली आणेल. घर मिळायला माणूस मरावा लागतो, राहायला यायला लागत नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

मृत्युपत्र करणारी : सही, थोरली बहीण

साक्षीदार पहिला : सही, सेक्रेटरी (चष्मा नको म्हणून)

साक्षीदार दुसरा : सही, धाकटा भाऊ (घर नको म्हणून)

ठिकाण : तळमजला

दिनांक : भाऊ खाली आला तो दिवस