एकसष्टीला का आले नाही आणि आरसे कुठे गेले

सिंदी (रेल्वे),
रविवार, दुपार

तीर्थरूप रूपराव मामांना छायाचा बसल्याबसल्या नमस्कार. (वाकून करायचा तो पाठ सरळ झाल्यावर करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? वडनेरला कापूस वेचायला बाया मिळतात की नाही? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे उभे आहोत.

तुमच्या एकसष्टीला मी आले नाही याचा राग तुम्ही फोनवर काढलात. ‘विमानतळावर काय तू विमान चालवून राह्यली? झाडूच मारतं ना? एक दिवस नाई मारला तं काय विमान पडते?’ असं म्हणून तुम्ही फोन ठेवला, त्यामुळे माझं उत्तर माझ्याकडेच राहिलं. म्हणून हे पत्र. यात मध्येच तुम्हाला बोलता येणार नाही.

पहिली गोष्ट, मी झाडू मारत नाही, बावीस बायांकडून मारून घेते, आणि ते जास्त अवघड आहे. दुसरी गोष्ट, तुमची एकसष्टी आणि क्रिकेटची मोठी मॅच एकाच दिवशी आली, आणि मॅचची तारीख ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं. महिनाभर आधीपासून आमचे मॅनेजर बंडोपंत (माणूस वाईट नाही, पण मीटिंग घेतल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही) रोज सकाळी आम्हाला उभं करून गर्दी म्हणजे काय ते समजावत होते. मी रोज सिंदीहून पॅसेंजरनं जाते येते, मला गर्दी समजावत होते.

मग त्यांनी रंगीत तालीम ठेवली. दोनशे कॉलेजची पोरं आणली, त्यांना प्रेक्षक व्हायला सांगितलं. पोरांनी फुकट चहा घेतला, समोसे खाल्ले, विमानासमोर फोटो काढले आणि निघून गेली. संडासात एकही गेला नाही. बंडोपंतांनी वहीत लिहिलं की स्वच्छतागृहांची व्यवस्था पुरेशी आहे.

आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातं. मॅचच्या दोन दिवस आधी त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, ‘छायाताई, त्या दिवशी समोर जरा ताजे चेहरे ठेवा. लीलाबाईंना स्टोअरमध्ये द्या.’ लीलाबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी, अठ्ठावन्न वर्षांची. अकरा वर्षं बायांचं स्वच्छतागृह तिच्याकडे आहे. पुढचे दोन दात नाहीत, पण तिच्या फरशीवर तुम्ही ताट ठेवून जेवाल. मी भांडायला हवं होतं. नाही भांडले. पाय दुखत होते, घरी जायची गाडी निघत होती, आणि मी तिचं नाव स्टोअरसमोर लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं, ‘बरं’ म्हणाली आणि पोछे मोजायला गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मॅचच्या दिवशी सकाळी अर्ध्या तासात तीन विमानं उतरली. निळे शर्ट, पिपाण्या, झेंडे. आणि बायांच्या स्वच्छतागृहाची रांग थेट सामानाच्या पट्ट्यापर्यंत गेली. आत आठ संडास, बाहेर आलेली एक म्हणाली त्यातले पाच रिकामे आहेत, तरी रांग हलेना. बाहेर एक म्हातारी दोन्ही हातांनी पोट धरून उभी. मी आत घुसायला गेले तर मलाच म्हणतात, लाइन में आओ. बंडोपंत लांबून हातानं गोल गोल खुणा करत होते, त्याचा अर्थ मला आजही कळलेला नाही.

शेवटी मी स्टोअरमध्ये गेले. म्हटलं, मावशी, चल. लीलाबाई म्हणाली, ‘माह्यं नाव तं अठी लिवलं हाय ना?’ म्हटलं, मीच लिहिलं, चुकलं माझं. ती उठली. दारातून आत एकदाच डोकावली आणि म्हणाली, ‘ह्या बाया संडासाच्या रांगेत नाईतच, छाया. आरशाच्या रांगेत हायेत. थोबाडं रंगवून राह्यल्या. आरसे बाहेर काढ.’

खरंच, मामा. चार आरसे, आणि प्रत्येकासमोर सहा जणी गालावर तिरंगा काढत होत्या. त्या हलल्याशिवाय मागची आत येणार कशी? आम्ही आमच्या खोलीतला आरसा काढला, ड्रायव्हर लोकांच्या खोलीतले दोन काढले (त्यातल्या एकासमोर एक जण अर्धी दाढी करून उभा होता, तो तसाच राहिला) आणि बाहेरच्या खांबांना सुतळीनं बांधले. लीलाबाईनं कमरेवर हात ठेवून हाळी दिली, ‘ज्याले रंगायचं हाय त्यानं बाहेर या, ज्याले जायचं हाय त्यानं आत जा.’ पाच मिनिटांत रांग संपली. पोट धरलेल्या म्हातारीला तिनं हात धरून सगळ्यांच्या आधी नेलं.

बंडोपंत आले, खांबाकडे पाहत राहिले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, ‘लीलाबाई, माझं चुकलं.’ ती म्हणाली, ‘साहेब, फरशी ओली हाय, बाजूनं जा.’ पुढच्या यादीत तिनं आपलं नाव मला स्वतःच्या डोळ्यांसमोर लिहायला लावलं. सगळ्यात वर.

मॅच कोण जिंकलं ते मला विचारू नका. मी बेसिनमधला हिरवा रंग घासत होते, तो निघत नाही. एकसष्टीची माफी असावी.

तुमची भाची,
छाया

ता. क. : पुढच्या महिन्यात आणखी एक मॅच आहे. आठ दिवसांसाठी जास्तीच्या बाया लागणार. वडनेरहून एक बाई मिळाली आहे, फक्त तिच्या घरच्यांनी हो म्हणायचं बाकी आहे. तुम्ही शब्द टाकलात तर बरं होईल.

ता. क. २ : ती बाई म्हणजे मामी. डोळे तपासायला म्हणून माझ्याकडे आली आहे ना, तिचे डोळे उत्तम आहेत. कालपासून लीलाबाईच्या हाताखाली शिकते आहे. म्हणते, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण काम पाहून ‘छान झालं’ असं पहिल्यांदा कोणी म्हटलं. विमान तिनं अजून पाहिलेलं नाही, त्याची तिला घाईही दिसत नाही.

ता. क. ३ : कणीक वरच्या फळीवरच्या पितळी डब्यात आहे. हे तिनं मला लिहायला सांगितलं. मळायची कशी ते सांगितलं नाही.