पांढऱ्या शर्टाची जागा

बाबा,

तुम्ही गेल्यावर ताई म्हणाली, "झाली तेवढी यात्रा पुरे." मी ऐकलं नाही. तुम्ही जिथे कोसळलात, तिथूनच पुन्हा चालायला लागलो. तुमचे बूट घातलेत. डावा जरा चावतो, पण ते असू दे.

चित्रं रोज काढतोय. तुम्ही कायम पुढे, वर ओरडणार, "चल रे रंगारी, डोंगर काही पळून जात नाही." त्यामुळे तुम्ही होतात तोवरच्या प्रत्येक चित्रात तुमची पाठच आलीय. काल मुक्कामावर एका मावशींनी ती पाहिली. "हे कोण? यांना तोंडच नाही की."

"भरभर चालतात हो," मी म्हटलं. चालतात, असंच म्हणालो.

आज शेवटच्या चढणीचं चित्र काढलं. तुमचा पांढरा शर्ट मी रंगवत नाही. तेवढा कागद कोरा सोडून भोवतीनं वाट रंगवतो. आज चित्र वाळल्यावर पाहतो तर वाटेच्या मधोमध तेवढा कागद कोराच. हाताला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

ती जागा भरायला ब्रशवर मातीचा रंग घेतला. बराच वेळ धरून बसलो, मग ब्रश धुऊन ठेवला.

तुमचा,
रंगारी