दहा, बारा की पंधरा इंच

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.
आजपासून डायरी. संकट आलं आहे. अशा वेळी डोकं थंड ठेवणारे लोक सगळं लिहून काढतात.

काल बंडूजी दुकानात आले. बंडूजी म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक आणि मी हेमराज, सहा वर्षांपासून त्यांचा बास गिटारवाला. चहा घेतला, कापसाचा भाव विचारला, मग म्हणाले, "हेमराज, तुही गिटार लोकायले ऐकूच नाई येत. तिळी चतुर्थीले केळझरच्या कार्यक्रमात ऐकू आली तं ठीक. नाई तं योगेंद्र डाव्या हातानं कीबोर्डवरच बास वाजवून घेते."

योगेंद्र चोवीस वर्षांचा आहे. त्याच्या डाव्या हातासाठी मला काढणार. सेलूत मी कापूसवाल्या वासुदेवरावांचा पोरगा आहे, वय अडतीस झालं तरी. फक्त स्टेजवर मी हेमराज असतो. हे गेलं तर मी काय करणार ते मला खरंच माहीत नाही.

निदान झालं आहे. दोष माझ्यात नाही, स्पीकरमध्ये आहे. माझी वायर सरळ अण्णाजींच्या (साउंडवाले) मिक्सरमध्ये जाते आणि पुढे तिचं काय होतं देव जाणे. स्वतःचा स्पीकर कॅबिनेट पाहिजे. प्रश्न फक्त साइजचा. उद्या निर्णय.

संकल्प: रोज एक तास प्रॅक्टिस. कॅबिनेट आल्यापासून. चुकीच्या स्पीकरवर वाजवलं की हात बिघडतो.

२३ डिसेंबर.
निर्णय झाला नाही. सात व्हिडिओ पाहिले. दहा इंची स्पीकर: आवाज टाइट, प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतं. पंधरा इंची: खोल, भरदार, पोटात जाणवतो. बारा इंची: मधला. मधलं मला कशातच आवडत नाही.
प्रॅक्टिस: व्हिडिओ पाहताना बोटं हलत होती. तेवढी धरली.

२७ डिसेंबर. दुपारी.
अण्णाजींकडून दहा इंची बॉक्स मागून आणला. देताना खूप आढेवेढे घेतले. काऊन त्रास करून राह्यले भाऊ, सहा वर्सं चाललं तसं चालू द्या, म्हणाले. मी मनात हसलो. वाजवणाऱ्यानं स्वतःचा स्पीकर आणला की साउंडवाल्याचं महत्त्व कमी होतं.

घरात बाबा वाजवू देत नाहीत, म्हणून चाचणी गोदामात. हंगाम आहे, गोदाम पत्र्यापर्यंत कापसानं भरलेलं. मधोमध एक स्टूल मावेल एवढी जागा केली. आवाज निघाला आणि तिथल्या तिथेच संपला. दहा इंची बाद.

३१ डिसेंबर.
बारा इंची आणला. तेच. रक्षा (बायको) चहा घेऊन आली, तिला विचारलं ऐकू आलं का. म्हणाली, मी दारातून तीनदा हाका मारल्या तुमाले, त्या आल्या का ऐकू? कापसात काय ऐकू येते?
रक्षाचा विषय होम सायन्स होता. साउंडमधलं तिला कळणार नाही. बारा बाद.
तारांना रुई चिकटली. प्रॅक्टिस नाही.

३ जानेवारी.
पंधरा इंची, स्वतःचाच घेतला. नागपूरहून. पेटी बनवायला गोपाल सुताराकडे टाकली. त्यानं नकाशा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, गहू ठेवाचे का याच्यात? चौदा दिवस राहिले आहेत आणि माझी माणसं ही अशी.

७ जानेवारी.
पंधराची चाचणी. ऐकू आलं, पण जेमतेम. डाव्या ढिगावरून थोडा कापूस घसरून अंगावर आला, ही चांगली खूण. निष्कर्ष: एक पुरत नाही. दोन पंधरा इंची खाली, चार दहा इंची वर. खोलीही आली, स्वच्छताही आली. हे मला आधीच कळलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. गोपालला अर्जंट सांगितलं.

११ जानेवारी.
रिहर्सल चुकली. कापसाच्या गाड्या आल्या. (चारला संपल्या होत्या, पण मन ठिकाणावर नव्हतं.) योगेंद्रचा मेसेज: भैया, हर्षाताईंचा (गायिका) घसा बसला आहे, दुसऱ्या गाण्याची पट्टी दोन स्वर खाली घेतली आहे, बघून ठेवा. अंगठा पाठवला.
मुलगा फार जपून वागतो माझ्याशी. जागेवर डोळा आहे.

१४ जानेवारी. संक्रांत.
डबा (सहाही स्पीकर बसवलेली पेटी) तयार. माझ्यापेक्षा चार बोटं उंच. बाबा गोदामात आले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि हे काय म्हणून विचारलं. तोंडातून निघालं, कापसातली ओल मोजायचं यंत्र. "येवढं मोठं?" म्हणाले. मी तिळगूळ दिला.

१६ जानेवारी.
शेवटची चाचणी. आवाजाचं बटण पूर्ण फिरवल्यावर आता गोदामात छान, माफक ऐकू येतं. त्या जागी रक्षाच्या नेलपॉलिशनं खूण केली. उद्या बटण तिथून हलवायचं नाही.
तासभर प्रॅक्टिस करणार होतो. डबा चढवण्यात वेळ गेला. जेवण गेलं नाही.

१७ जानेवारी. तिळी चतुर्थी. दुपारी ४, केळझर.
कापसाच्या टेम्पोतून पोहोचलो. सभागृहाला वर पत्रे, खाली फरशी, भिंती कोऱ्या. माणसं येऊन बसताहेत. अण्णाजींनी डबा पाहिला आणि विचारलं, हे माह्या मिक्सरमधून नाई जात का भाऊ? नाही, डायरेक्ट, म्हणालो. ते खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.
बटण खुणेवर आहे. आज फैसला.

१८ जानेवारी. सकाळी.
ऐकू आलो.

पहिल्याच सुराला पत्रे वाजले. पुढच्या रांगेतल्या बायांनी लेकरांचे कान झाकले. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात एक भलताच सूर सारखा घुमत होता, गाण्याच्या वर आणि तालाच्या मागे. मी रागानं योगेंद्रकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून दाखवले. सूर चालूच होता.

सहा वर्षांत मी स्वतःला पहिल्यांदा ऐकत होतो.

हर्षाताई गाता गाता थांबल्या. अण्णाजी स्टेजवर आले आणि माझी वायर काढली. ओरडले नाहीत. उरलेला कार्यक्रम योगेंद्रनं डाव्या हातानं बास वाजवून काढला, वायर माझ्याच डब्यात लावून, बटण बरंच खाली घेऊन. शेवटपर्यंत टाळ्या पडल्या. मी मागे वायरी गुंडाळल्या.

टेम्पोजवळ अण्णाजी आले. "सहा वर्सं म्या तुमची लाईन बंदच ठेवत होतो, भाऊ. पहिल्या कार्यक्रमापासून. तुमी येवढे खुश राहत होते, म्हून सांगतलं नाई."

त्यांना धन्यवाद म्हणालो. का म्हणालो माहीत नाही.

२० जानेवारी.
सकाळी बंडूजींचा फोन. रविवारी हिंगणघाटला कार्यक्रम आहे. "तुहा डबा पाठवजो. लय गोड वाजते. तू तसदी नको घेजो."

म्हणजे साइज मी बरोबर निवडला होता. याची इथे नोंद असावी.

योगेंद्रनंही फोन केला, बटण कुठपर्यंत ठेवू भैया. नेलपॉलिशच्या खूप खाली, म्हणालो. तो म्हणाला, तुमी याल न भैया? मी म्हणालो, हंगाम आहे.

दुपारी ४.
कापूस जिनिंगला गेला. डबाही बंडूजींकडे गेला. रिकाम्या गोदामात स्टुलावर बसलो आणि स्पीकर नसताना, हलक्या हातानं, एकच तार छेडली. कोपऱ्यापर्यंत स्वच्छ ऐकू आली.
सुरातून उतरलेली होती.