ओळखू न आलेली छकुली

अहो,

नमस्कार. आधी एवढं वाचा: बापलेक दोघं सुखरूप आहेत. आपल्या लेकाच्या यकृताचा तुकडा छकुलीला व्यवस्थित बसला.

काल तिला पाहिलं आणि मी नर्सवर खेकसले, "हे आमचं मूल नाही. पलंग नीट बघा!"

"आजी, तुमचीच आहे. कावीळ उतरलीय."

जन्मापासून तिचे डोळे पिवळेच पाहिलेले. पांढरे कसे ओळखणार? लेकाच्या खोलीत जाऊन त्याला सांगितलं.

लेक टाके धरून हसला, "आई, माझी पोर परत करत होतीस?"

तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?

तिचं शरीर हा तुकडा अजूनही नाकारू शकतं, मग डोळे परत पिवळे होतील, असं डॉक्टर म्हणतात. आज दारात उभी राहिले, पण तिच्या डोळ्यांकडे बघायचा धीर होईना.

अक्षर वाकडं आलंय, हसू नका.

तुमचीच,
मी